मंगळावरची बाई

मोरिवलीत चंदरला कुणी चंदर म्हणत नाही. सगळे 'मंगळ्या' म्हणतात. आता साठी उलटली, डोक्यावर केस उरले नाहीत, तरी नाव काही सुटलं नाही.

सुटणार कसं? हा माणूस खरंच मंगळावर काम करून आलेला. टीव्हीवर एकच वाहिनी होती त्या काळातली गोष्ट. 'तांबडा मुक्काम' नावाची मालिका लागायची, मंगळावर जाऊन वस्ती करणाऱ्या माणसांची. तो मंगळ म्हणजे मोरिवलीच्या मागच्या डोंगरातली दगडखाण. वीटभट्टीवरनं विटांचा चुरा गाड्या भरभरून आणला, खाणीत ओतला, फावड्यानं पसरला, झाला मंगळ तयार. वस्तीतल्या माणसांचे पांढरे झगे उल्हासनगरातनं रेनकोटच्या कापडाचे शिवून आणलेले. डोक्यावर लोणच्याची बरणी उपडी घातल्यासारखे टोप. चैत्राच्या उन्हात ते नट आतल्या आत वाफेवर शिजायचे. आणि मंगळावर आपोआप चालणारी जी गाडी होती, ती आपोआप चालायची म्हणजे तिच्या पत्र्याखाली ओणवा होऊन चंदर ढकलायचा. पुढचं काही दिसायचं नाही. वरनं कप्तान रुबाबात म्हणायचा, "यंत्रा, डावीकडे!" की यंत्रानं कण्हत कण्हत डावीकडे वळायचं.

शूटिंग संपलं आणि यंत्र केमिकलच्या कारखान्यात पिंपं ढकलायला लागलं. तिथंच म्हातारं झालं.

चंदरची बायको भिकी. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापानं देवापुढं पदर पसरून मागून घेतलेली, तेच नाव पडलं. ती रोज दुपारी भाकर घेऊन डोंगर चढायची आणि पलीकडं खाणीत उतरायची. शूटिंगवाल्यांनी तिला दटावून ठेवलेलं, कॅमेरा चालू असताना वर दिसायचं नाही म्हणून. पण कॅमेरा चालू का बंद, हे डोंगराच्या पल्याडच्या बाईला कसं कळावं?

दहावा भाग चालला होता. कप्तान पहिल्यांदा डोक्यावरचा टोप काढतो आणि छाती भरून म्हणतो, "इथं श्वास घेता येतो." मालिकेतला सगळ्यांत मोठा क्षण. नेमकी तेव्हाच मागं करवंदीच्या जाळीजवळ, डोंगराच्या माथ्यावर, भिकी उगवली. नेसूचं लुगडं, डोक्यावर पाटी. थांबली, डोळ्यांवर हात आडवा धरला, खाली नवऱ्याला शोधलं. नवरा पत्र्याखाली. दिसला नाही तशी तिथंच बसली. ऊन उतरत आलेलं, फिल्म संपत आलेली. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, जाऊ दे, कोण बघतंय.

सगळ्या मोरिवलीनं बघितलं. दौलतराव पाटलाच्या ओट्यावर टीव्ही ठेवलेला, बाया पोरं मिळून गाव जमलेलं, आणि भिकी दिसली तशी आरोळी उठली, "अगो, भिकी मंगलावर भाकर घेऊन गेली!" भिकीनं तोंडावर पदर घेतला. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "जल्ला, मी एवरी काली दिसतंय?" पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर तीच सगळ्यांना सांगत होती.

पुढं सोनिया झाली. पोर रांगायला लागली न लागली तर भिकीला कावीळ झाली. झाडपाला केला, गळ्यात माळ घातली, शेवटी उल्हासनगरच्या दवाखान्यात नेली तेव्हा उशीर झाला होता. सवाष्ण गेली. सवाष्ण बाईला तिच्या फणी-आरशाच्या फणेरपेटीसकट पोचवायची रीत. बायांनी कुंकू भरलं, हिरव्या बांगड्या भरल्या, पेटी चितेवर तिच्या उशाशी ठेवली. भिकीचा एकुलता एक फोटो, शिवरात्रीच्या जत्रेत रंगवलेल्या मोटारीपुढं काढलेला, त्या पेटीच्या आरशामागं खोचलेला होता. आरसा ढिला होता म्हणून तिनंच आधाराला घातलेला. चंदरला ते आठवलं तिसऱ्या दिवशी, राख सावडताना. चौकटीच्या तारेत अडकलेली आरशाची काच सापडली. बाकी काय सापडणार?

सोनियाला आजीनं, भिकीच्या आईनं रखमाबाईनं, वाढवलं. पोर जाणती झाली तशी विचारायला लागली. शेजारच्या पोरींच्या आया मेल्या तर भिंतीवर हार घातलेल्या असायच्या, हिच्या भिंतीवर नुसता खिळा. चंदर म्हणायचा, "तुझी आई टीव्हीवर हाय. परत लागली का दावीन तुना."

परत कधी लागलीच नाही. सोनिया शाळेत गेली, शाळा सोडली, लग्न झालं, अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. बाप आपला सांगायचा तेच सांगत राहिला. पोरीनं विचारायचं केव्हाच बंद केलं होतं.

मग विनीत आला. बदलापूरला मांजर्लीत राहणारा, बँकेत नोकरी, आणि 'तांबडा मुक्काम'चं असं वेड की त्याची बायको म्हणे, मंगळावर जाऊन राहा एकदाचे. लहानपणी मामानं टीव्हीवरून भरून घेतलेल्या टेपा त्यानं जीवापाड जपलेल्या, त्या मांजर्लीत पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा गाळात गेल्या. त्याच्यासोबत किर्ती, अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, आणि सनी, उल्हासनगरचा सिंधी पोरगा, मोबाईलच्या कव्हरांचं दुकान. सनी मालिका लागली तेव्हा जन्मलाही नव्हता, विनीतच्या टेपा बघून बाटलेला. अशांचं मंडळ. कोण कुठं आहे ते हुडकत हुडकत ते मोरिवलीला पोचले आणि मंगळगाडी ढकलणारा माणूस जिवंत आहे हे कळल्यावर देव भेटल्यागत चंदरच्या पाया पडले. शाल घातली, नारळ दिला.

त्याच दिवशी चहा पिताना विनीत म्हणाला, "काका, दहाव्या भागातली ती बाई आठवते का? मंगळावर लुगडं नेसून! सगळा मूड घालवला राव तिनं."

सनी लोळायचाच बाकी राहिला. "अरे, ऑक्सिजन नाही, पाणी नाही, पण भाकरवाली पोचली! मार्केटिंग बघा तिची!"

किर्तीसुद्धा हसली. आणि चंदरही हसला. सगळे हसतात म्हणून हसला. एकदा हसून झाल्यावर, ती माझी बायको, हे कुठल्या तोंडानं सांगणार? नंतर सांगू म्हणाला. ते नंतर काही येईना. मंडळाच्या प्रत्येक बैठकीत 'मंगळावरची बाई' निघायची आणि चंदर चहाच्या कपात बघत बसायचा.

मंडळानं मुंबईच्या एका कंपनीच्या मागं लागून लागून मालिका चित्र साफसूफ करून डिस्कवर काढायला लावली. कंपनीचा माणूस कॅमेरा घेऊन खाणीतही आला, जुन्या लोकांच्या मुलाखती घ्यायला. खाणीत आता पाण्याचं डबकं आणि कडेला कारखान्यांचा कचरा. त्यानं चंदरला उभं केलं, गाडीबद्दल विचारलं, आणि मग म्हणाला, "एक बाई दिसते म्हणतात, दहाव्या भागात. आमच्या पोरांना सापडत नाहीये. चित्र फार खराब आहे. कुठं नेमकी?"

इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला शोधत आलं. चंदरनं हात लांब करून दाखवलं, "ती बगा, तवा करवंदीची जाली व्हती तिथं. कप्तानाच्या उजव्या खांद्याच्या वर. आदी पाटी दिसते, मंग ती. आन मंग बसते. बसली तरी दिसते, डोका दिसतो." कंपनीचा माणूस खूश झाला. चंदरही खूश झाला. त्याला वाटलं, चित्र उजळवायचं म्हणतात, तर हिचं तोंडही उजळवतील. म्हणून तर शोधतायत.

डिस्कांचा डबा आला तसा विनीतनं रविवारी दुपारी सगळ्यांना घरी बोलावलं. बसून सगळे भाग बघायचे आणि मंडळाचं मत कंपनीला कळवायचं. चंदर सोनियाच्या घरी गेला. म्हणाला, "चल. तुझी आई आली."

सोनिया भाजी निवडत होती. "बाबा, मना एकच सुट्टी मिलते."

"एक दुपार. मंग कवाच नाय बोलनार."

ती उठली. डोकं धुतलं, ठेवणीतली साडी नेसली. आरशापुढं जरा जास्तच उभी राहिली. हे चंदरनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

विनीतच्या घरी भिंतीएवढा टीव्ही. पण डिस्क लावायचं यंत्र आता कुणाच्या घरात असतं? ते सनीनं उल्हासनगरच्या भंगारातनं शोधून, घासूनपुसून आणलं होतं. "काका, टेन्शन नही लेनेका. एकदम मक्खन चालेल," म्हणाला. सोनियाकडं बघून विनीतनं विचारलं, "ताई पण फॅन का?"

"नाय," सोनिया म्हणाली. "मी बाबांसंगं आले."

पहिला भाग लागला आणि मंडळ कामाला लागलं. एक चित्र थांबवून चार जण वाद घालायचे. किर्ती म्हणाली रंग जास्त लाल केलाय, आपला मंगळ विटकरी होता. विनीत म्हणाला शीर्षकाचं संगीत नव्यानं वाजवलंय, जुन्यातली खरखर पाहिजे होती. सनी म्हणाला, "यार, कप्तानच्या नाकातले केस दिसतायत, और क्या चाहिये?" पत्र्याची गाडी आली तसा सगळ्यांनी टाळ्या वाजवून चंदरकडं बघितलं. गाडीखाली त्याच्या अनवाणी टाचा लख्ख दिसत होत्या. इतक्या लख्ख की उजव्या टाचेची भेग सुद्धा.

सोनिया पुढं वाकली. "बाबा, ते तुमचे पाय?"

"माजेच. बग, किती साफ दिसतात." त्याचा आवाज बदलला. भेग दिसते, मग तोंड तर दिसेलच की. त्यानं मधले भाग कसे काढले त्याचं त्यालाच माहीत. पोरीच्या हातावर दोनदा हात ठेवला, दोनदा काढला.

दहावा भाग आला. कप्तान टेकडीपुढं येऊन उभा राहिला. "आता," चंदर पोरीच्या कानाशी म्हणाला. "त्याच्या खांद्याच्या वर. डोला हलवू नको."

कप्तानानं टोप काढला. छाती भरली. "इथं श्वास घेता येतो."

मागं डोंगराचा माथा, त्याच्यावर तांबडं आभाळ. माथा रिकामा.

"काढली!" विनीत उठूनच उभा राहिला. "काढली रे! बाई काढली!"

"दिखा, फिर से दिखा," सनी ओरडला.

विनीतनं मागं नेऊन पुन्हा लावलं. टोप, छाती, श्वास. माथ्यावर नुसतं आभाळ, कुठं डाग नाही, सांधा नाही. किर्ती टाळ्या वाजवत म्हणाली, "आता तो क्षण कसा भरून येतो बघ. हेच मी इतकी वर्षं म्हणत होते."

चंदरला अजून समजलं नव्हतं. तो म्हणाला, "विनीत, जरा थांबली असंल. मागनं येते ती. अजून जरा मागं ने."

विनीतनं नेलं. त्याला वाटलं काका पण मजा घेतायत. पुन्हा टोप, पुन्हा श्वास.

"अजून येक डाव."

तिसऱ्या खेपेला खोलीतली टाळी विझली. कारण म्हातारा उठून टीव्हीजवळ गेला होता आणि कप्तानाच्या खांद्यावरच्या आभाळाला बोट लावून उभा होता.

"इथं व्हती," तो म्हणाला. "इथं मी दाकवली त्यांना."

"काका, काय झालं?" किर्तीनं विचारलं.

चंदरनं बोट काढलं नाही. सोनिया बोलली. कारखान्यात पेटीवर चिठ्ठी लावावी तशा आवाजात बोलली. "ती बाई माझी आई. मी लहान असताना वारली. फोटो नाही घरात. बाबा म्हणाले इथं दिसेल."

विनीतच्या हातातला रिमोट सोफ्यावर पडला. कुणाला कुठं बघावं कळेना. सनीनं हळूच विचारलं, "काका, तुम्ही एक बार बोलायचं तर. आम्ही इतकी मस्करी केली, तुम्ही बोललाच नाही?"

"तुमी हसत व्हतात," चंदर म्हणाला. त्यात राग नव्हता.

विनीत फोन घेऊन बाल्कनीत गेला. कंपनीच्या त्याच माणसाला लावला. आत ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोलत होता. जुनं, न सुधारलेलं चित्र पाहिजे, नुसता दहावा भाग, नुसता तो तुकडा. पलीकडचं ऐकलं. मग म्हणाला, "काहीच नाही ठेवलं? मूळ रीळ?" आत आला तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं. रीळ चिकटून दगड झालेलं होतं, एकदा उतरवून घेतलं आणि फेकलं. उतरवलेलं होतं त्याच्यावरच सफाई केली. "आपणच मागं लागलो होतो ना," तो खुर्चीत बसत म्हणाला, "चुका काढा, चुका काढा."

किर्ती डबा उलटसुलट करत होती. एकदम म्हणाली, "थांबा. शेवटच्या डिस्कवर आधी कसं होतं आणि नंतर कसं केलं, ते दाखवलंय. त्यात असेल."

चंदरनं मान वर केली. सनीनं डिस्क बदलली. घाईत ती दोनदा खोबणीत नीट बसली नाही. लागली. ओरखडे आधी, ओरखडे नंतर. फिका रंग आधी, तांबडा रंग नंतर. आणि मग तो डोंगर. कप्तान, टोप, छाती. उजव्या खांद्याच्या वर कंपनीनं एक लाल गोल काढला होता, बाणासकट, आणि गोलाच्या आत काहीतरी काळं होतं.

"थांबव!" सोनिया म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा तिचा आवाज चढला होता.

चित्र थांबलं. गोलाच्या आत तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका. वर जरा रुंद, ती पाटी असेल. एका बाजूला टोक आल्यासारखं, तो डोळ्यांवर धरलेला हात असेल. सनीनं मोबाईलवर फोटो घेतला आणि दोन बोटांनी मोठा केला. ठिपका मोठा झाला, मग चौकोन झाले. काळे, तपकिरी, राखाडी. आणखी मोठा केला तर चौकोनच मोठे झाले.

"तोंड कुठलं?" सोनियानं विचारलं.

सनीनं बोट ठेवलं. "ये वाला शायद."

सोनियानं मोबाईल हातात घेतला. डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मान वाकडी केली. बऱ्याच वेळानं तिनं मोबाईल परत दिला. "बाबा," ती म्हणाली, "ह्याच्यात नाक नाय, डोले नाय. ही कुनीबी असंल."

"तीच हाय," चंदर म्हणाला. "मी वलखतू."

"तुमी वलखता. मना कसा वलखू येनार?"

खरं तर चंदरचाही घोटाळा झाला होता. दौलतरावाच्या ओट्यावर त्यानं बघितली तेव्हा भिकी अगदी समोर आली होती, नाकातली मोरणी चमकली होती, ती हसू दाबत होती. इतकी वर्षं तो शपथेवर हेच सांगत आला. पण चमकायला मोरणी मावेल एवढी जागा त्या ठिपक्यात कधीच नव्हती. टीव्हीवर ती तेवढीच दिसली होती, दाण्याएवढी. तोंड होतं ते ओट्यावर, त्याच्या शेजारी, पदराआड. त्यानं दोन्ही एकत्र करून ठेवलं होतं आणि पोरीला त्याचाच वायदा दिला होता.

विनीतनं जेवून जा म्हटलं. सोनिया नको म्हणाली. निघताना किर्तीनं तिचा हात धरला. सनी जिन्यापर्यंत मागं आला. म्हणाला, "काका, आजकल कम्प्युटर से चेहरा बनता है. ताईंचा फोटो घेऊन, थोडा जुना करून..."

"नको," सोनिया म्हणाली. "माझाच थोबाड मना परत कशाला दावतो?"

मांजर्लीच्या रस्त्याला दोघं रिक्षाची वाट बघत उभी राहिली. नदीकडून कुजल्या पाण्याचा वास येत होता. एका इमारतीवर पुराचं पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ अजून तशीच. सोनियानं पदर कमरेला खोचला. ठेवणीतल्या साडीला घडीचा वास येत होता.

"बाबा, निस्ता सांगा तरी," ती रस्त्याकडं बघत म्हणाली. "नाक कसा व्हता तिचा? आपल्या आजीसारखा, का माझ्यासारखा?"

चंदरनं डोळे मिटले. रोज रात्री झोपताना मिटायचा तसे. भिकी यायची ती नेहमी डोंगराच्या माथ्यावरनं यायची, आधी पाटी, मग ती, मग डोळ्यांवर आडवा हात, आणि हाताखाली तोंड. पाटी आली. हात आला. हाताखाली चौकोन. काळे, तपकिरी, राखाडी, आणि भोवती तो लाल गोल. त्यानं डोळे घट्ट मिटले. चूल फुंकणारी भिकी आठवून बघितली, जत्रेतली, दवाखान्यातली पिवळी पडलेली. सगळीकडं तेच.

"बाबा?"

त्यानं तोंड उघडलं. कुठल्याही बाईचं असतं तसं एखादं नाक सांगून टाकावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण तेवढंही जमलं नाही.

सोनियानं त्याच्याकडं बघितलं आणि तिला कळलं. ती पुढं होऊन रिक्षाला हात करायला लागली. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "बसा आत. पाय सांभालून."